जनुकात बदल सापडला, पण आजार त्यानेच झाला कशावरून?

आजारी माणसाच्या रक्तातून डीएनए काढून त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा जनुकीय मजकूर, वाचला, तर संदर्भासाठी वापरल्या जाणाऱ्या जीनोमपेक्षा वेगळ्या अशा साधारण ४० ते ५० लाख जागा निघतात. ठणठणीत माणसाचा जीनोम वाचला तरी आकडा तेवढाच येतो. त्यामुळे बदल सापडणं यात विशेष काही नाही. प्रत्येकात ते लाखोंनी असतात आणि बहुतेक बदल कुणाचं काही बिघडवत नाहीत. एखादं प्रथिन धड तयारच होऊ देणार नाहीत असे, कागदावर भयंकर दिसणारे बदलसुद्धा निरोगी माणसात शंभरेक सापडतात. वीसेक जनुकांच्या तर दोन्ही प्रती बंद असतात आणि तरी माणूस धडधाकट असतो.

म्हणून ‘अमुक आजाराचं जनुक सापडलं’ असं वाचलं की लगेच पुढचा प्रश्न विचारायला हवा: तो बदल पेशीत नेमकं कोणतं काम अडवतो, आणि ते दाखवलं कसं? जनुकाचं नाव कळलं की शोध संपला, असा समज फार रुजलेला आहे. प्रत्यक्षात तिथून पुढचं काम जास्त लांबचं असतं, जास्त चकवणारं असतं, आणि कोणतं औषध लागू पडेल हे त्याच कामातून ठरतं.

आधी वाचन, मग चाळणी

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत यंत्र डीएनएचा धागा सलग वाचत नाही. डीएनए ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेला असतो; त्याचे काहीशे अक्षरांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून साधारण १५०-१५० अक्षरं वाचला जातो. असे कोट्यवधी तुकडे मग संगणक संदर्भ जीनोमवर आपापल्या जागी बसवतो. संपूर्ण जीनोम वाचताना प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचलं जावं अशी अपेक्षा असते. प्रथिनांची माहिती असलेला भाग, म्हणजे एक्सोम, तेवढाच वाचायचा असेल तर १०० च्या आसपास.

एकच अक्षर इतक्या वेळा वाचण्याला कारण आहे. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. बदल एकाच प्रतीत असेल तर ३० पैकी १५ च्या आसपास वाचनांत तो दिसायला हवा. १३ किंवा १७ आले तरी हरकत नाही. पण ३० पैकी ४ च आले, तर ती यंत्राची चूक असू शकते, तुकडे चुकीच्या जागी बसलेले असू शकतात, किंवा तो बदल शरीरातल्या थोड्याच पेशींत असू शकतो. अशी जागा दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासल्याशिवाय अहवालात घालू नये.

काही जागा या पद्धतीला नीट दिसतच नाहीत, आणि हे रुग्णांना पुरेसं सांगितलं जात नाही. फ्रॅजाइल एक्स या आजारात सीजीजी ही तीन अक्षरं एकामागून एक २०० पेक्षा जास्त वेळा येतात, म्हणजे ६०० हून अधिक अक्षरांचा पट्टा. दीडशे अक्षरांचं वाचन त्या पट्ट्यात पुरतं बुडून जातं आणि लांबी काही कळत नाही. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीत एसएमएन१ हे जनुक बिघडलेलं असतं, पण त्याच्याशेजारी जवळजवळ तसंच दिसणारं एसएमएन२ आहे. तुकडा दोघांपैकी कुणाचा, याचा संगणकाला पत्ता लागत नाही. अशा आजारांसाठी वेगळी, नेमकी त्याच जागेची चाचणी लागते. ‘एक्सोममध्ये काही निघालं नाही’ या वाक्याचा अर्थ ‘जनुकीय कारण नाही’ असा घेऊ नये. संशय असलेला आजार त्या चाचणीला दिसू शकतो का, हे आधी विचारावं.

आता चाळणी. एक्सोममध्ये साधारण २० ते २५ हजार बदल निघतात. पहिली आणि सर्वांत उपयोगी कात्री म्हणजे तो बदल समाजात किती जणांत आहे हे पाहणं. समजा, एक प्रत बिघडली तरी होणारा असा एखादा आजार लाखात एकाला होतो. एखादा बदल हजारात एका माणसात सापडत असेल, तर तो बाळगणारे लोक रुग्णांच्या शंभरपट झाले. मग तो एकटा त्या आजाराचं कारण कसा असेल? नोमॅड नावाच्या सार्वजनिक संग्रहात आता आठ लाखांहून अधिक लोकांची अशी माहिती आहे आणि हा हिशोब काही सेकंदांत करता येतो.

या कात्रीचे दोन धोके आहेत. एक, अशा संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती जास्त आहे. ज्या समाजाचे नमुने कमी, तिथला अगदी सामान्य, निरुपद्रवी बदल दुर्मिळ भासतो आणि उगाच संशयित ठरतो. दुसरा धोका उलट दिशेचा. दोन्ही प्रती बिघडल्यावरच जे आजार होतात, त्यांचे बदल निरोगी वाहकांत, म्हणजे एकच प्रत बिघडलेल्या माणसांत, सर्रास असतात. सिस्टिक फायब्रोसिस हा त्यातलाच. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण २५ जणांत एक जण त्याचा वाहक असतो. ‘निरोगी लोकांत सापडतो, म्हणजे निर्दोष’ असं म्हणून बदल टाकून दिला तर खरं कारणच हातचं जातं.

यानंतर आई, वडील आणि मूल या तिघांचं वाचन एकत्र ठेवलं की यादी झपाट्याने आटते. मुलात असलेला पण आईवडिलांपैकी कुणातच नसलेला बदल लगेच डोळ्यांत भरतो. पण असे नवे बदल प्रत्येक मुलात जीनोमभर ६० ते ७० असतात आणि त्यांतला सरासरी एक प्रथिनांच्या भागात पडतो. म्हणजे ‘नवा आहे’ एवढ्यावर दोष सिद्ध होत नाही. दोन प्रतींच्या आजारात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. एकाच जनुकात दोन बदल सापडले, पण दोन्ही आईकडूनच आलेल्या प्रतीवर असतील, तर वडिलांकडची प्रत शाबूत आहे आणि तिचं काम चालू आहे. तुकड्यांच्या वाचनातून हे बहुधा कळत नाही. पालकांचे नमुने तपासले की कळतं.

सगळ्या पुराव्याचं वजन करून बदलाला पाचपैकी एक शिक्का मिळतो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. २०१५ साली अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्स अँड जीनोमिक्स या तज्ज्ञांच्या संघटनेने ठरवलेली ही चौकट आता सगळीकडे चालते. त्यात ‘बहुधा’ म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त खात्री. सर्वाधिक गोंधळ उडतो तो मधल्या शिक्क्यावर. ‘अर्थ अनिश्चित’ म्हणजे अर्धा होकार नव्हे. त्या शिक्क्याच्या आधारे शस्त्रक्रियेसारखा न उलटणारा निर्णय घेऊ नये. वर्ष-दोन वर्षांनी त्याच माहितीचं पुन्हा विश्लेषण करून मागावं, कारण नवा पुरावा आला की शिक्का बदलतो, आणि बहुतेक वेळा तो निरुपद्रवी बाजूला सरकतो.

एक जनुक, बिघाड अनेक

कागदावरचा संशयित पेशीत नेऊन तपासणं म्हणजे काय, हे सिस्टिक फायब्रोसिसमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दुसरीकडे दिसेल. १९८९ साली लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॅक रिऑर्डन यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर हे जनुक शोधलं. त्यापासून १४८० अमिनो आम्लांचं एक प्रथिन तयार होतं. ते पेशीच्या पटलात बसून क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांना बाहेर जायला वाट देतं. ही वाट बंद पडली की श्वासनलिकांवरचा पातळ द्रव आटतो, कफ घट्ट होतो, जंतू तिथे मुक्काम ठोकतात आणि फुप्फुसं हळूहळू निकामी होतात. स्वादुपिंडाच्या नलिकाही तशाच तुंबतात.

आजवर या जनुकात दोन हजारांहून अधिक बदल सापडले आहेत. सर्वाधिक आढळणारा म्हणजे एफ५०८डेल. यात तीन अक्षरं गळतात आणि ५०८ व्या जागचं फेनिलॲलनिन हे एकच अमिनो आम्ल नाहीसं होतं. १४८० पैकी फक्त एक.

त्याने नेमकं काय बिघडतं, हे वेस्टर्न ब्लॉट या साध्या चाचणीत डोळ्यांनी दिसतं. पेशींतली प्रथिनं जेलमध्ये विजेच्या साहाय्याने आकारानुसार वेगळी करायची आणि सीएफटीआरला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने ती रंगवायची. निरोगी पेशीत वरच्या बाजूला, सुमारे १७० किलोडाल्टनला (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक), एक रुंद, पसरट पट्टा दिसतो. हे पूर्ण तयार झालेलं, साखरेच्या मोठ्या साखळ्या लागलेलं प्रथिन. खाली १४० ते १५० च्या दरम्यान एक बारीक पट्टा असतो, तो अर्धवट तयार झालेल्या प्रथिनाचा. एफ५०८डेलच्या पेशीत वरचा पट्टा जवळजवळ गायब असतो आणि फक्त खालचा दिसतो. अर्थ उघड आहे: प्रथिन बनतंय, पण त्याची घडी नीट बसत नाही. पेशीतलं अंतर्द्रव्य जालिका हे अंगक अशा प्रथिनांना अडवतं, ती पुढे जाऊ शकत नाहीत आणि त्यांचे तुकडे करून टाकले जातात. पटलापर्यंत काहीच पोहोचत नाही.

यातली खरी कलाटणी १९९२ साली मिळाली. याच पेशी ३७ अंशांऐवजी २७ अंशांच्या आसपास वाढवल्या, तर वरचा पट्टा थोडासा परत येतो आणि क्लोराइडही वाहू लागतं. कमी तापमानात घडी बसायला वेळ मिळतो. म्हणजे प्रथिन मुळात अगदीच निकामी नव्हतं, त्याला वाटेत अडवलं जात होतं. घडी बसायला मदत करणारा एखादा रेणू सापडला तर हा आजार औषधाने हाताळता येईल, हा विचार त्या निरीक्षणामुळे पायावर उभा राहिला. जनुकाचं नाव कितीही वेळा वाचलं असतं तरी हे कळलं नसतं.

आता याच जनुकातला दुसरा बदल घ्या, जी५५१डी. त्याच्या ब्लॉटमध्ये वरचा पट्टा अगदी झकास दिसतो. प्रथिन पटलात वेळेवर पोहोचतं, पण तिथे बसून राहतं, दार उघडतच नाही. इथे घडी सुधारणारं औषध देऊन काय उपयोग? इथे दार उघडं ठेवणारं औषध हवं. ते आयव्हाकॅफ्टर, २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं. हेच औषध एकट्याने दोन्ही प्रतींत एफ५०८डेल असलेल्यांना देऊन पाहिलं तेव्हा म्हणावा असा फायदा झाला नाही. होणार कसा? पटलात दारच नाही. तिसरा बदल जी५४२एक्स. यात मध्येच थांब्याचा संकेत तयार होतो, प्रथिन पूर्ण बनतच नाही आणि या दोन्ही प्रकारच्या औषधांना काम करायला काही उरत नाही.

एफ५०८डेलची आणखी एक खोड निघाली. घडी सुधारून प्रथिन पटलात नेलं तरी त्याचं दार पुरेसं उघडत नाही. त्यामुळे एक औषध पुरणार नव्हतं. २०१९ साली मान्यता मिळालेल्या गोळीत एलेक्साकॅफ्टर आणि टेझाकॅफ्टर हे घडी सुधारणारे दोन रेणू आहेत, दोघेही प्रथिनाला वेगवेगळ्या ठिकाणी धरणारे, आणि जोडीला दार उघडं ठेवणारं आयव्हाकॅफ्टर. एका आजारासाठी तीन औषधं का, याचं उत्तर पेशीतल्या बिघाडांच्या मोजणीत आहे.

मोजायचं कसं

ही मोजणी ज्या पेशींवर झाली त्या कशा वाढवतात हे पाहण्यासारखं आहे. श्वासनलिकेच्या पेशी साध्या प्लास्टिकच्या बशीत द्रवाखाली वाढवल्या तर त्या सपाट, ओळख हरवलेल्या होतात. म्हणून त्यांना सच्छिद्र पडद्यावर लावतात. थर जुळला की वरचा द्रव काढून घ्यायचा. खालून पोषण, वरून हवा, जशी प्रत्यक्ष श्वासनलिकेत असते तशी. तीन ते चार आठवड्यांनी त्यांवर केसांसारखे पक्ष्म येतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते हलताना दिसतात आणि वर कफ जमू लागतो. घाई करून दुसऱ्या आठवड्यातच मोजमाप घेतलं तर आकडे कमी आणि वेडेवाकडे येतात.

मग हा पडदा उसिंग चेंबर या दोन कप्प्यांच्या उपकरणाच्या मध्ये बसवतात आणि थरातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजतात. त्याआधी थराचा विद्युतरोध तपासायचा. तो कमी असेल तर पेशींच्या फटींतून गळती होतेय आणि पुढची मोजणी फुकट. थर घट्ट असेल तर क्रम असा: प्रथम ॲमिलोराइड घालून सोडियमचा प्रवाह बंद करायचा, म्हणजे तो मोजणीत मिसळणार नाही. नंतर फोर्स्कोलिन घालून सीएफटीआर चालू करायचं. शेवटी सीएफटीआरला रोखणारं रसायन घालायचं. या शेवटच्या पायरीला प्रवाह जितका खाली येतो, तितकाच खात्रीने सीएफटीआरचा. फोर्स्कोलिनने प्रवाह वाढला एवढ्यावर निकाल दिला तर इतर वाटांनी गेलेलं क्लोराइडही सीएफटीआरच्या खात्यात जमा होतं.

फारच दुर्मिळ बदल असलेल्या रुग्णांसाठी मोठ्या चाचण्या घेता येत नाहीत, तेवढे रुग्णच नसतात. तिथे गुदाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा घेऊन त्यातल्या मूळ पेशींपासून (ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात) ऑर्गॅनॉइड वाढवतात. हे पेशींचे इवलेसे पोकळ गोळे असतात. फोर्स्कोलिन घातलं की सीएफटीआर चालू असलेल्या गोळ्यांत पाणी शिरून ते तासाभरात फुगतात. रुग्णाचे गोळे तसेच राहतात. औषध घालून ते फुगले, तर त्या रुग्णाला ते औषध लागू पडण्याची आशा धरायला जागा आहे. एका माणसाच्या पेशींवरून त्याच माणसाच्या उपचाराचा अंदाज घेणारी ही चाचणी २०१३ साली पुढे आली. आमच्या मते या सगळ्या क्षेत्रातलं रुग्णाच्या सर्वांत जवळ पोहोचलेलं काम हेच.

उंदरांनी मात्र इथे निराश केलं. सीएफटीआर बंद केलेल्या उंदरांना आतड्याचा त्रास होतो, पण माणसासारखा फुप्फुसांचा आजार होत नाही. २००८ साली असेच डुक्कर तयार केले गेले, त्यांना तो झाला. उंदरात आजार दिसला नाही म्हणून जनुक निर्दोष, असा निष्कर्ष काढणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण ध्यानात ठेवावं.

तेच अक्षर मुद्दाम बदलून पाहणं

रुग्णाच्या पेशी एका बाजूला आणि कुणा निरोगी माणसाच्या दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना करणं सोपं असतं, पण त्यातून खात्रीचं फारसं निघत नाही. या दोघांत लाखो अक्षरांचा फरक आहे. दिसलेला फरक संशयित अक्षरामुळे की उरलेल्या लाखोंमुळे, हे सांगणार कसं? माणसामाणसांतला हा नैसर्गिक फरक अनेकदा बदलाच्या परिणामापेक्षा मोठा असतो.

म्हणून रुग्णाच्याच पेशीत फक्त ते अक्षर दुरुस्त करायचं, किंवा निरोगी पेशीत फक्त ते अक्षर बिघडवायचं. शिन्या यामानाका यांच्या गटाने २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या पेशींना चार जनुकांच्या मदतीने पुन्हा मूळ पेशींसारखं बनवून दाखवलं. या आयपीएस पेशींपासून चेतापेशी, हृदयपेशी, यकृतपेशी घडवता येतात. त्यांत अक्षर बदलण्यासाठी २०१२ नंतर क्रिस्पर हे डीएनए हव्या जागी कापणारं तंत्र हाताशी आलं.

क्रिस्परची कृती थोडक्यात अशी. २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए कॅस९ या कात्रीला इच्छित जागी नेतो. त्या जागेलगत कोणतंही एक अक्षर आणि दोन जी, अशी खूण असावी लागते. खुणेच्या तीन अक्षरं अलीकडे डीएनए कापला जातो. दुरुस्तीसाठी हवं ते अक्षर असलेला शंभर ते दोनशे अक्षरांचा नमुना-धागा सोबत द्यायचा. त्या धाग्यात शक्य तर ती खूणही अशा रीतीने बदलून ठेवायची की प्रथिन तेच राहील. हे विसरलं तर दुरुस्त झालेली जागा कॅस९ पुन्हा कापतं आणि केलेलं काम मातीत जातं. त्यानंतर एकेक पेशी वेगळी करून तिच्यापासून वसाहत वाढवायची, दोन-तीन आठवडे थांबायचं आणि प्रत्येक वसाहतीचं वाचन करायचं. नमुन्याप्रमाणे नेमकी दुरुस्ती थोड्याच पेशींत होते. बाकीच्या कापलेल्या जागी दोनचार अक्षरं गाळून किंवा घुसवून ठेवतात.

इथे एक फसवी चूक होते आणि ती छापील निकालांतही शिरते. कापल्यावर एका प्रतीतून कधीकधी हजारो अक्षरांचा मोठा तुकडाच गळून पडतो. तपासणीसाठी पीसीआर करताना, म्हणजे डीएनएच्या त्या भागाच्या भरपूर प्रती काढताना, ज्या जागी प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे छोटे धागे) चिकटायचे ती जागाही त्या तुकड्यासोबत गेलेली असते. मग त्या प्रतीचं वाचनच होत नाही, फक्त दुसऱ्या प्रतीचं होतं, आणि ती नीट दुरुस्त झालेली असेल तर अहवाल म्हणतो ‘दोन्ही प्रती दुरुस्त’. हे पकडायचं तर शेजारची एखादी अशी जागा पाहावी जिथे त्या पेशीच्या दोन प्रतींत मुळात वेगवेगळी अक्षरं होती. तिथेही आता एकच अक्षर दिसत असेल तर दुसरी प्रत गायब आहे. शिवाय त्या भागाच्या प्रती किती, हे वेगळं मोजावं.

आयपीएस पेशींचे स्वतःचेही खोडे आहेत. सतत वाढवताना ज्या पेशी भराभर विभागतात त्याच पुढे उरतात, आणि त्यांत विसाव्या गुणसूत्राचा २०क्यू११.२१ हा तुकडा जास्तीचा आलेला वारंवार सापडतो. अशा पेशी मरायला कचरतात. मग मरण-जगण्याशी संबंधित कोणताही निकाल त्या तुकड्यामुळे आला की अभ्यासातल्या बदलामुळे, हे सांगता येत नाही. दुसरं म्हणजे त्यांपासून घडवलेल्या पेशी वयाने गर्भातल्या पेशींसारख्या असतात. साठीत दिसणारा आजार बशीतल्या चाळीस दिवसांच्या चेतापेशीत आपोआप उमटेल ही अपेक्षाच जास्त आहे. म्हणून एका बदलाच्या किमान दोन-तीन स्वतंत्र वसाहती घ्याव्यात, गुणसूत्रं ठरावीक काळाने तपासावीत आणि शेवटी बिघडलेल्या पेशीत शाबूत जनुक परत घालून पाहावं. बिघाड भरून निघाला तर त्याच्याइतका बोलका पुरावा नाही. तोही बेताने हवा. परत घातलेलं जनुक अतोनात जोराने चालू केलं तर प्रथिनाचा पूर येतो, निरोगी प्रथिनसुद्धा पेशीत साचतं आणि नवाच आजार तयार होतो.

साध्या वाटणाऱ्या चुका

आणि मग रोजच्या कामातल्या चुका. मायकोप्लाझ्मा हा जंतू पेशींच्या बाटलीत शिरला तरी द्रव गढूळ होत नाही. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन त्याला शिवत नाही, आणि ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटतो. तो पेशींचं अन्न खातो, त्यांची वाढ मंदावतो आणि शेकडो जनुकांची पातळी हलवतो. दर महिन्याला पीसीआरने तपासणं आणि सापडलेली बाटली टाकून देणं, यापेक्षा स्वस्त विमा नाही. पेशींची ओळख हा असाच दुसरा घोळ. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या अनेक पेशीवाणांत (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींत) प्रत्यक्षात १९५१ सालच्या हेला पेशीच, म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या पेशी, वाढत होत्या. आज डीएनएच्या ठरावीक जागांवरून प्रत्येक वाणाचा ठसा काढता येतो. नवा वाण आला की आणि लेख पाठवण्याआधी, असा दोनदा तरी तो काढावा.

अँटिबॉडी खरोखर त्याच प्रथिनाला चिकटते का, हे ते जनुक पूर्ण काढून टाकलेल्या पेशीवर पाहायचं. तिथेही पट्टा दिसला तर अँटिबॉडी बदला. आणि एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या पेशींनी भरलेल्या बशीतल्या तीन खाचा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग तीनदा मोजलेला असतो.

एका अक्षराने न होणारे आजार

मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा यांत एकच दोषी नसतो. तिथे हजारो, लाखो लोकांचे जीनोम तुलनेला घेतात आणि कोणतं अक्षर रुग्णांत थोडं जास्त आढळतं ते पाहतात. एकाच वेळी सुमारे दहा लाख स्वतंत्र जागा तपासल्या जात असल्याने योगायोगाने खूप काही ‘सापडतं’. म्हणून कसोटी कडक ठेवलेली आहे: योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकापेक्षा कमी असेल तरच जागा धरायची. एवढं करूनही मिळतो तो पत्ता, कारण नव्हे. शेजारची अक्षरं पिढ्यानपिढ्या गटाने एकत्र जातात, त्यामुळे सापडलेलं अक्षर स्वतः निर्दोष आणि त्याचा शेजारी दोषी असू शकतो. शिवाय अशा जागांपैकी सुमारे ९० टक्के प्रथिनांच्या भागाबाहेर असतात.

२००७ साली लठ्ठपणाशी सर्वांत ठळक नातं दिसलं ते एफटीओ या जनुकाच्या आत, प्रथिन न घडवणाऱ्या भागात. साहजिकच सगळे एफटीओच्या मागे लागले. २०१४ आणि २०१५ च्या कामातून दिसलं की तो भाग नियंत्रण ठेवतो तो सुमारे पाच लाख अक्षरं दूर असलेल्या आयआरएक्स३ वर आणि त्याच्याही पलीकडच्या आयआरएक्स५ वर. डीएनएची घडी पडून ही दूरची जनुकं जवळ येतात. एक टी जाऊन सी आला की एआरआयडी५बी हे लगाम घालणारं प्रथिन तिथे बसू शकत नाही, चरबीच्या पूर्वपेशींत ही दोन जनुकं वाढतात आणि पेशी उष्णता निर्माण करण्याऐवजी चरबी साठवण्याकडे वळतात. क्रिस्परने तेच एक अक्षर परत बदललं तेव्हा पेशींचा कल उलटला.

अशाच शोधातून सिकल सेल या रक्ताच्या आजाराचा एक उपचार आला. या आजाराचं अक्षर कधीपासून माहीत होतं. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हिमोग्लोबिनचाच रेणू वेगळा असल्याचं दाखवलं, आणि पुढे व्हर्नन इंग्राम यांनी एकाच अमिनो आम्लाचा फरक हुडकला. तरी अर्धं शतक त्या ज्ञानातून थेट उपचार निघाला नाही. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही कुणात जास्त टिकतं, हे २००७-०८ च्या सुमाराला लोकसंख्येत शोधताना बीसीएल११ए हे जनुक पुढे आलं. तेच गर्भाचं हिमोग्लोबिन बंद करतं. ते सरसकट बंद करणं धोक्याचं, कारण अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना आणि मेंदूच्या घडणीलाही ते लागतं. २०१३ साली त्याच्या आतला एक छोटा नियंत्रक तुकडा सापडला, जो फक्त लाल पेशींच्या पूर्वजांतच त्याला चालू ठेवतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या उपचारात रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढून क्रिस्परने तोच तुकडा कापतात. सिकलचं मूळ अक्षर आहे तसंच राहतं.

मात्र सुधारलेल्या पेशी परत देण्याआधी अस्थिमज्जेत त्यांना जागा करावी लागते. त्यासाठी बुसल्फान हे तीव्र औषध देऊन जुन्या मूळ पेशी नष्ट करतात. त्यात आठवडेच्या आठवडे रुग्णालयात काढावे लागतात, संसर्गाचा धोका असतो आणि प्रजननक्षमता जाण्याची शक्यता असते, म्हणून उपचाराआधीच बीजपेशी गोठवून ठेवण्याबद्दल रुग्णाशी बोलावं लागतं. पेशी बाहेर न काढता शरीरातच हा बदल कसा पोहोचवायचा, यावर आता संशोधनाचा मोठा भर आहे.